स्लॅश टेम्प रॅममध्ये: सगळ्यांच्या गळ्यात कशाला?

लॉगवाला
डेबियन १३ या लिनक्सवर आलो आणि दुसऱ्याच आठवड्यात तोंडावर आपटलो. ८ जीबी रॅमच्या मशीनवर एक अगडबंब लॉग क्रम लावायला सॉर्ट कमांडला दिला आणि झोपलो. सकाळी बघतो तर 'डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही'. डिस्कवर २०० जीबी मोकळे! मोकळी जागा दाखवणारं डीएफ मारलं तेव्हा कळलं, स्लॅश टेम्प, म्हणजे प्रोग्रामच्या तात्पुरत्या फायलींचं फोल्डर, आता टीएमपीएफएस आहे, म्हणजे थेट मेमरीत. मर्यादा रॅमच्या निम्मी, म्हणजे जेमतेम ४ जीबी, आणि सॉर्ट आपले तात्पुरते तुकडे तिथेच टाकतो.
ज्याला वेग हवा त्याने कुठे काय माउंट करायचं ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये एक ओळ लिहावी की. डिफॉल्ट कशाला?

पाइपवाला
कारण स्लॅश टेम्प हे गोदाम नाही. तिथली फाइल पुढच्या वेळी सापडेल असं धरू नका, हे फाइलसिस्टिमच्या मानकातच आहे. रीबूटनंतर टिकायला हवं ते डिस्कवरच्या व्हार फोल्डरमधल्या टेम्पमध्ये. तात्पुरत्या फायलींची जागा सांगणारं टीएमपीडीआयआर व्हेरिएबल तिकडे वळवा, सॉर्ट मुकाट्याने तिथे जाईल.
आणि हे काही कालचं खूळ नाही. सनच्या युनिक्सवर १९८०च्या दशकाच्या शेवटी टीएमपीएफएस आलं, फेडोराने २०१३ मध्ये आवृत्ती १८ पासून हेच केलं. आभाळ कोसळलं नाही.

कॅशबहाद्दर
आभाळ नाही कोसळलं, पण फायदा काय झाला ते सांगा. डिस्कवरची फाइलसुद्धा आधी पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅममध्येच जाते. डिस्कवर न उतरलेली पानं साधारण ३० सेकंद जुनी झाली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ती डिस्कवर ढकलतो. कंपायलरने बनवून लगेच उडवलेली फाइल बहुतेकदा डिस्कचं तोंडही बघत नाही. म्हणजे तुमचा 'रॅमचा वेग' आधीपासून फुकट मिळतच होता.

पाइपवाला
एफसिंक, म्हणजे 'आत्ताच डिस्कवर उतरव' ही मागणी, विसरलात. प्रोग्रामने एफसिंक मागितला की डिस्कवर थांबावंच लागतं, टीएमपीएफएसवर तो नुसता होकार देऊन परततो. शिवाय निम्मी रॅम म्हणजे कमाल मर्यादा, आरक्षण नव्हे. रिकामं असेल तर ते जवळपास काहीच खात नाही.

लॉगवाला
रिकामं असेल तर! भरल्यावरचं बोला. पेज कॅशमधलं डिस्कवर उतरलेलं पान कर्नल केव्हाही फेकून देतो. टीएमपीएफएसचं पान फेकता येत नाही, ते फार तर स्वॅपमध्ये, म्हणजे रॅमच्या जोडीला ठेवलेल्या डिस्कवरच्या जागेत जातं, आणि स्वॅप नसेल तर बसा. मेमरी संपली की कर्नलचा ओओएम किलर प्रोसेस मारतो, फायली नाही. बिचारा ब्राउझर मरतो आणि माझे ४ जीबी तुकडे तिथेच ठाण मांडून.
वर मेमरी दाखवणाऱ्या फ्री कमांडमध्ये ही जागा बफ-कॅशच्या रकान्यात मोजलेली. बघणाऱ्याला वाटतं लागेल तेव्हा सुटेल. खरी गंमत शेजारच्या शेअर्ड रकान्यात आहे, तिकडे कोण बघतं?

सैतानभक्त
मी बीएसडी या दुसऱ्या युनिक्सवाला आहे, दोनच शब्द. आमच्या जुन्या एमएफएसमध्ये एका प्रोसेसच्या मेमरीत अख्खी फाइलसिस्टिम थाटलेली असे. फाइल उडवली तरी ती मेमरी काही परत मिळत नसे. तुमचं टीएमपीएफएस निदान उडवल्यावर सोडतं. भांडा सुखाने.

पाइपवाला
@लॉगवाला, ओओएमचा मुद्दा मान्य. पण मग मर्यादा कमी करा, टीएमपीएफएस कशाला हाकलता? रीमाउंट करताना साइज दिली की चालू मशीनवर, फायलींना धक्का न लावता आकार बदलतो. रॅमएफएस या मेमरीतल्याच दुसऱ्या फाइलसिस्टिमच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्याला ना मर्यादा ना स्वॅप. साइज लिहिली तरी तो ढुंकून बघत नाही.

लॉगवाला
मर्यादा कमी केली तर सॉर्ट आणखी लवकर मरेल! मी हे माउंट करणारं सिस्टिमडीचं टेम्प-माउंट युनिट मास्क, म्हणजे बंदच करणार, विषय मिटला.

कॅशबहाद्दर
रीबूटच्या आधी एक करा. अपग्रेडपूर्वीच्या स्लॅश टेम्पमधल्या फायली गेलेल्या नाहीत, त्यांच्यावर नवं माउंट बसलंय एवढंच. रूट फाइलसिस्टिम दुसरीकडे बाइंड-माउंट करून, म्हणजे दुसऱ्या फोल्डरमध्येही दिसेल अशी जोडून, त्यातलं टेम्प उघडा.

लॉगवाला
उघडलं. ११ जीबी! त्यात गेल्या महिन्यात ज्या सॉर्टला मी मधेच मारलं होतं त्याचे तुकडेसुद्धा.

पाइपवाला
आणि तुम्हाला तेच परत डिस्कवर हवंय.