मारालिंगाच्या जमिनीला कुंपण का घातले नाही?

प्रश्न
दक्षिण ऑस्ट्रेलियातील मारालिंगा येथे ब्रिटनने १९५६ व १९५७ साली सात अणुस्फोट केले आणि १९६३ पर्यंत लहान चाचण्या चालू ठेवल्या, एवढे ठाऊक होते. परंतु तेथील टारानाकी या सर्वाधिक दूषित जागेभोवतीचे सुमारे ४१२ चौरस किलोमीटर क्षेत्र कुंपणाने बंद केलेले नसून त्याच्या हद्दीवर खांब व फलक रोवलेले आहेत, आणि त्यांनुसार शिकारीस मुभा व मुक्कामास मनाई आहे, हे वाचून मी गोंधळलो. जमीन धोकादायक असेल तर प्रवेशच बंद का करू नये? आणि धोकादायक नसेल, तर मुक्कामाने काय बिघडते?

प्रतिसाद १
गोंधळाचे मूळ प्लुटोनियममध्ये आहे. टारानाकी येथील लहान चाचण्यांत साध्या स्फोटकांनी सुमारे २२ किलो प्लुटोनियम उधळले गेले. (‘लहान’ या शब्दावर जाऊ नये, टिकून राहिलेले प्रदूषण मुख्यतः त्यांचेच आहे.) त्याचे अल्फा किरण कातडीही भेदत नाहीत, मात्र धुळीचे कण श्वासातून फुफ्फुसात गेले की ते तेथे बसून राहतात. म्हणून प्रश्न केवळ जमीन कशी आहे एवढाच नसून, माणूस तिथे कसा आणि किती काळ राहतो हाही आहे. उघड्यावर भुईवर झोपणारे, चूल मांडणारे कुटुंब, ज्याची मुले दिवसभर मातीत खेळतात, ते वर्षभरात जितकी धूळ आत घेईल, तिच्या अल्पांशानेही कांगारूच्या मागावर तासाभरात पलीकडे जाणारा शिकारी घेणार नाही. साफसफाईचा निकष वर्षाला ५ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक) असा ठरला, तो अशा पारंपरिक राहणीचा हिशेब करूनच.

प्रतिसाद २
वरील स्पष्टीकरणास इतिहासाची जोड हवी. चाचण्यांच्या काळात प्रवेशबंदी होतीच, परंतु धोक्याच्या पाट्या इंग्रजीत होत्या, ज्या तेथील बहुतेक आदिवासींना वाचता येत नव्हत्या, आणि एवढ्या अफाट प्रदेशात गस्त घालणारे अधिकारी मोजकेच होते. मे १९५७ मध्ये मार्कू स्फोटाच्या विवराजवळ एक चौघांचे कुटुंब मुक्कामाला आढळले. आपण कुठे उतरलो आहोत हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. या चाचण्यांची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाच्या १९८५ च्या अहवालानंतर, १९९६ ते २००० या काळात, साडेतीन लाख घनमीटरांहून अधिक माती व भंगार खंदकांत पुरले गेले. आजच्या फलकांवर पित्यंत्यत्यारा भाषेत ‘कुका पाल्या, न्गुरा विया’ असे आहे, म्हणजे शिकार चालेल, वस्ती नाही. माझ्या मते तारेच्या कुंपणापेक्षा हे चार शब्द अधिक उपयोगाचे आहेत, कारण ज्यांना थांबवायचे त्यांनाच ते कळतात.

प्रतिसाद ३ (मूळ प्रश्नकर्ता)
आभारी आहे, शंका बरीचशी फिटली. तरीही प्लुटोनियम-२३९ चा अर्धायुकाल (ते निम्मे होण्यास लागणारा काळ) सुमारे २४,००० वर्षे असताना खांब किती काळ उभे राहणार?

प्रतिसाद ४
खांब पडतील, म्हणून तर राखणदार हवेत. चाचणीक्षेत्राचा तोवर परत न मिळालेला भाग २००९ मध्ये मारालिंगा त्यारुत्या या मूळ मालकांकडे परत आला, आणि आता बाहेरच्या माणसाला तेथे जायचे असल्यास परवाना त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो.