बीएस्सी फिजिक्सनंतर बेळगावातच एमएस्सी, की जॅम देऊन बाहेर?

खानापूर_रोड: भाची बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरच्यांनी ठरवूनच टाकलंय: राणी चन्नम्मा विद्यापीठात एमएस्सी, मग बीएड, मग शाळा. माझा याला साफ विरोध आहे. आपल्याकडच्या हुशार पोरांना जॅम नावाची परीक्षा असते हेच कुणी सांगत नाही. तीन तास, ६० प्रश्न, १०० मार्क, आणि अभ्यासक्रम बीएस्सीचाच. त्या मार्कांवर मुंबई-मद्रासच्या आयआयटीत एमएस्सी करता येते. बेंगळुरूच्या आयआयएस्सी या विज्ञान संस्थेत थेट इंटिग्रेटेड पीएचडी, म्हणजे एमएस्सी आणि पीएचडी एकत्रच, तीही पहिल्या वर्षापासून शिष्यवृत्तीसह!

वडगावकर: इंटिग्रेटेड म्हणजे सहा-सात वर्षं. एकविसाव्या वर्षी पोरीनं एवढं बांधून का घ्यावं? राणी चन्नम्मा विद्यापीठात घरचा डबा घेऊन जाता येतं. एमएस्सीला विद्यापीठात पहिली आली तर पीएचडीसाठी केंद्र सरकारच्या इन्स्पायर फेलोशिपला अर्ज करता येतो. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप निघाली तर महिना ३७,००० मिळतात, तुम्ही एमएस्सी कुठून केली हे तिथं कोण विचारत नाही. आणि शाळेत फिजिक्स शिकवणं कमी दर्जाचं कधीपासून झालं हो? खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत विज्ञान मनापासून शिकवणारी माणसं हवीच आहेत.

निपाणी_७७: कोल्हापूर विसरलात दोघंही. शिवाजी विद्यापीठात थिन फिल्मवर, म्हणजे पदार्थांच्या अगदी पातळ थरांवर, वर्षानुवर्षं काम चालू आहे. हातानं प्रयोग करायचे असतील तर तिकडं बघा की.

खानापूर_रोड: वडगावकर, शिकवण्याला माझा विरोध नाही. दुसरी वाट न बघताच ती नोकरी धरण्याला आहे. जेआरएफ निघते म्हणता, पण नेटच्या तयारीला आजूबाजूला तसाच अभ्यास करणारे चारजण लागतात. एकट्यानं दारं लावून होत नाही ते.

वडगावकर: मग चारजण जमवा इथंच. बरं, तिला काय आवडतं? दोन्ही बाजूंनी कुणी विचारलंय का?

खानापूर_रोड: ऑप्टिक्स. प्रॅक्टिकलला सगळ्यांच्या शेवटी बाहेर पडते म्हणे.

वडगावकर: तर बेंगळुरूची रामन रिसर्च इन्स्टिट्यूट बघा, प्रकाशावरही काम आहे त्यांचं. तिथं पीएचडीला एमएस्सीनंतर जेस्ट ही प्रवेश परीक्षा देऊनही जाता येतं. म्हणजे दोन वर्षं बेळगावात राहून दार बंद होत नाही.

खानापूर_रोड: हे मान्य. तरी जॅमचा फॉर्म भरायचाच. सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो, परीक्षा फेब्रुवारीत. फी मी भरतो.