मदत हवी आहे: पेडिक्युअर शिकतेय, भेगाळलेल्या टाचा, शुगर आणि जोडवी

नमस्कार. मी सांगलीत नेल टेक्निशियनचा कोर्स करतेय आणि हात बसावा म्हणून दुपारी एका पार्लरमध्ये जाते. मॅनिक्युअर, जेल पॉलिश जमतंय. गाडी अडते ती पेडिक्युअरला.

क्लासमध्ये आम्ही एकमेकींच्याच पायांवर शिकतो. टाचा मऊ, अर्ध्या तासात काम होतं. पार्लरमध्ये येणाऱ्या बायकांचे पाय निराळे. कुणी दिवसभर ओट्यापाशी अनवाणी उभी, कुणी द्राक्षबागेत राबणारी. टाचेच्या कडेला पिवळट, कडक कातडी आणि तिच्यात उभ्या भेगा; काही इतक्या खोल की आतलं लाल दिसतं. मी पाय कोमट पाण्यात भिजवते, वजरीने घासते, फाइल फिरवते, तरी टाच खरखरीतच. मग आमच्या मॅडम ब्लेडचा स्क्रेपर घेऊन सपासप कातडी काढतात. टाच लगेच गुळगुळीत, कस्टमर खूश. माझा हात मात्र धजत नाही, आणि क्लासच्या बाईंची ब्लेडला सक्त मनाई आहे. ब्लेडशिवाय अशा टाचांचं काय करायचं? "तुला जमत नसेल तर मॅडमना बोलव" म्हणणाऱ्या कस्टमरला काय सांगायचं?

दुसरं, शुगर असलेल्या बायका. परवा एक मावशी टबात पाय ठेवून म्हणाल्या, "कोमटच आहे गं, अजून गरम घाल." माझ्या हाताला ते पाणी चांगलंच कढत लागत होतं. मी वाढवलं नाही. अशांचं पेडिक्युअर करावं की नाही?

तिसरं, जोडवी. बऱ्याच जणी काढत नाहीत आणि काढा म्हणणं मलाही बरं वाटत नाही. पण खाली साबण साचून कातडी पांढरी, ओलसर झालेली असते, वर स्क्रबचे कण अडकतात. तुम्ही तिथे कसं साफ करता?

प्रतिसाद (पार्लर चालवणाऱ्या एक ताई):
ब्लेड नाकारलंस ते उत्तम केलंस. कातडी जाड होते ती दाबामुळे आणि घर्षणामुळे. कारण तसंच राहिलं की ती पुन्हा येणारच, आणि ब्लेड जरा खोल गेलं की जखम.

मी आधी कोरड्या टाचेवरच फाइल फिरवते, हलक्या हाताने, एकाच दिशेने. ओली कातडी फुगते, मग कुठे थांबायचं ते कळत नाही. नंतर पाच-सात मिनिटं भिजवून पुन्हा थोडंसं. लाल दिसणाऱ्या भेगेला हात लावायचा नाही, स्क्रबही नाही. एका बैठकीत टाच लोण्यासारखी करायच्या फंदात पडू नकोस. कस्टमरला सरळ सांग, "ही कातडी एका दिवसात साठली नाही, दोन-तीनदा यावं लागेल." घरी रात्री २० ते २५ टक्के युरियाचं क्रीम आणि वर सुती मोजे. खरा फरक त्यानेच पडतो.

जोडवी काढायला सांगत नाही. बोट धरून जोडवं हलकेच पुढे सरकवायचं, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या इअरबडने खालून पुसायचं, साध्या पाण्याने पुन्हा, मग कोरडा बड. ओल राहिली की बुरशी. स्क्रब त्या बोटाला लावायचाच नाही.

आणि टब! २००० साली कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल गावात एकाच सलूनच्या शंभरावर गिऱ्हाइकांच्या पायांवर फोड उठले होते. पाणी फिरवणाऱ्या टबांच्या जाळीमागे केस आणि मळ अडकून जंतू वाढले होते. आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी पायांवर रेझर फिरवलेला असेल तर टबात पाय नको. प्रत्येक कस्टमरनंतर टब साबणाने घासायचा, मग जंतुनाशक, बाटलीवर लिहिलेला वेळ पूर्ण ठेवून. निपर (नखाकडेची कातडी कापायचा चिमटा) आणि पुशर (ती मागे सारायची पट्टी) यांचंही तेच. एमरी बोर्ड (नखं घासायची खरखरीत पट्टी) आणि लाकडी काडी निर्जंतुक होत नाही, ती ज्या त्या कस्टमरबरोबर टाकून द्यायची. वजरीही सगळ्यांना एकच वापरू नकोस.

प्रतिसाद (डायबेटिसच्या ओपीडीत काम करणारी परिचारिका):
मावशींना पाणी कोमट वाटलं हीच धोक्याची खूण. शुगरमुळे पायांच्या नसांची संवेदना कमी होते, भाजलेलंही कळत नाही. अशा पायांना भिजवणं, फाइलने जोरात घासणं, कुरूप काढणं, कुरुपाच्या पट्ट्या, काही नको. नखं कापलीस तर सरळ काप, कोपरे खोल कोरू नकोस. बोटांमधलं पाणी टिपून घे. क्रीम टाचेला आणि पावलाला, बोटांच्या बेचक्यात नाही. सुरू करण्याआधी "शुगर आहे का, पायाला मुंग्या येतात का?" हे प्रत्येकीला विचार आणि तळवा उजेडात बघ. जखम, काळा डाग, लाल-गरम भाग दिसला तर काम तिथेच थांबवायचं आणि त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायचं. मॅडम रागावल्या तरी.