विमानाचे भाग पुरवणाऱ्या कंपनीचा शेअर: ऑर्डर बुक (हातातल्या मागण्या) बघायचं की महिन्याचा रेट (महिन्याला किती विमानं बनतात)?

रावपुरा
२०२४ च्या ऑक्टोबरात बडोद्यात सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाच्या जुळणी कारखान्याचं उद्घाटन झालं, तेव्हापासून आपल्या फोरमवर अशा शेअरबद्दल फार विचारणा होते. आधी आकडा बघा: त्या कारखान्यात ४० विमानं बनायची आहेत, तीही ऑगस्ट २०३१ पर्यंत. पुरवठादाराचं पोट भरतं ते बोइंग ७३७ आणि एअरबस ए-३२० या प्रवासी विमानांवर. निम्म्याहून जास्त विक्री एकाच विमान कंपनीला असेल तर माझ्या मते लांब राहावं.

अमेरिकेची स्पिरिट एरोसिस्टम्स बोइंगसाठी ७३७ चा जवळजवळ ७०% सांगाडा बनवायची. २०१९ मध्ये ६०६ संच दिले (एका विमानाचे भाग म्हणजे एक संच). ७३७ मॅक्सच्या उड्डाणांवर बंदी आल्यावर मॅक्सच्या संचांचा २०२० साठीचा आकडा २१६, मग मे महिन्यात १२५, जूनमध्ये ७२. ऑर्डर बुकात मात्र हजारो विमानं तशीच होती.

मकरपुरा
टोकाचं उदाहरण घेतलंत. पुरवठादार बदलणं सोपं नाही हो. एएस ९१०० हे विमान उद्योगाचं दर्जा-प्रमाणपत्र हवं, हीट ट्रीटमेंट आणि एनडीटीला (भाग न मोडता केलेली तपासणी) नॅडकॅप ही वेगळी मान्यता हवी, नव्या जागी प्रत्येक भागाची पहिली तपासणी पुन्हा. म्हणून बोइंगने २०२४ मध्ये स्पिरिटला ४२.५ कोटी डॉलर आगाऊ दिले आणि शेवटी कंपनीच विकत घेतली.

रावपुरा
घेतली, पण ३७.२५ डॉलरच्या भावाने. २०१९ मध्ये तोच शेअर ९० च्या वर होता. कंपनी टिकली म्हणून भागधारक टिकला असं होत नाही.

गणित करून बघा. एका विमानामागे ८ लाखांचा माल, महिन्याला ४० विमानं: वर्षाला ३८.४ कोटी. कच्चा माल ४०%, स्थिर खर्च १५ कोटी. उरतात ८ कोटी. रेट ३० वर आला की विक्री २८.८ कोटी आणि उरतात जेमतेम २.३. रेट पाव भागाने घटला, नफा पाऊण भागाच्या आसपास गेला. वर टायटॅनियमची मागणी महिनोन् महिने आधी नोंदवलेली असते. तो माल येतच राहतो, पैसे त्यात अडकतात.

मांजलपूर
गणित बरोबर, पण ते सांगाड्याच्या भागांचं. इंजिनाच्या ब्लेड-फोर्जिंगचं (दाबून घडवलेली पाती) वेगळं: नवी विमानं थांबली तरी उडणाऱ्यांची दुरुस्ती चालू राहते. कोविडसारखं उड्डाणच थांबलं तर मात्र तेही आटतं.

मकरपुरा
हे मान्य. पण म्हणून सरसकट लांब का राहायचं? वार्षिक अहवालात १०% हून मोठ्या ग्राहकांची टीप असते, ती वाचा. साठ्याचे दिवस काढा: साठा भागिले मालाचा खर्च, गुणिले ३६५. विक्री वाढत असताना हे दिवस दोन वर्षं सलग फुगत असतील तर नाही घ्यायचा. कच्च्या मालाची भाववाढ ग्राहक सोसतो का, हे निकालानंतरच्या कॉन्फरन्स कॉलमध्ये कंपनीला विचारलं जातं. उत्तर गुळमुळीत आलं तरी नाही.

रावपुरा
त्यात पाच वर्षांचा कामकाजातला रोख ओघ आणि निव्वळ नफा शेजारी मांडणं जोडा. रोख नफ्याच्या निम्म्यालाही पोचत नसेल, तर ऑर्डर बुक कितीही मोठं असो, मी तरी ‘घ्या’ म्हणणार नाही.