पुरात भिजलेली जुनी रॅले सायकल : अख्खी ठेवायची की पार्ट काढून विकायचे?

गावभाग_सांगली
वाड्यात जिन्याखाली नॉटिंगहॅमची रॅले पडून आहे. जेन्ट्स, २८ इंची चाकं, सळईचे ब्रेक, ब्रूक्सची सीट, पुढच्या चाकात डायनोहब (चाकाच्या मध्यातला, दिव्यासाठी वीज करणारा हब). मागच्या तीन गिअरच्या हबवर ‘एडब्ल्यू ५२ ३’ असं ठोकलंय, म्हणजे एडब्ल्यू मॉडेल, मार्च १९५२. २०१९ च्या महापुरात हँडलपर्यंत पाण्यात होती, नंतर नुसती पाइपने धुतली. काळा रंग बऱ्यापैकी आहे, सोनेरी रेघाही दिसतात. मागचं चाक फिरतं पण करकरतं. दोन गिऱ्हाइकं आहेत. एकाला फक्त दोन्ही हब, सीट आणि पुढचा बिल्ला हवाय, बाकीचं भंगारात घाला म्हणतो. दुसरा अख्खी घेतोय, पण सँडब्लास्ट करून (वाळूच्या माऱ्याने जुना रंग उडवून) पावडर कोटिंग करणार, ‘नवीकोरी’ करणार. कुणाला द्यावी? की ठेवावी?

बत्तीस_चाळीस
आधी ते चाक फिरवून बघणं थांबवा. करकर म्हणजे कृष्णेचा गाळ हबात गेलाय. प्रत्येक फेऱ्याला तो गाळ कोन (धुऱ्यावरचा शंकू), वाटी आणि छर्रे घासतोय. तेल सोडून ‘मोकळं’ करायला जाल तर तेलात कालवलेली पॉलिश पेस्ट तयार होईल.

ठेवायची की खोलायची हे फ्रेमवर ठरतं, हबवर नाही. त्यामुळे फ्रेम तपासा.

सीट दांड्यासकट काढा, सायकल उलटी करा आणि सीटच्या नळीवर लाकडी हातोडीने ठोका. कोरडी माती पडली तर ठीक. नखाएवढे लोखंडाचे पापुद्रे पडले तर नळी आतून खाल्लीय. मग पायडलच्या धुऱ्याखालचा भाग टोच्याने टोचून बघा. पाणी तिथेच साठतं, आणि रंगाखाली लोखंड उरलेलंच नसतं असं बऱ्याचदा निघतं. पुढे हँडलच्या नळीच्या मागे, दोन्ही दांड्यांच्या खालच्या अंगाला बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा फुगवटा लागला तर सायकल कधीतरी समोरून आपटलीय.

शेवटी दोरा. मागच्या एका ड्रॉपआउटला (चाकाचा धुरा बसतो त्या खाचेला) बांधा, हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला आणा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. २ मिलिमीटरपर्यंत फरक चालतो.

पार्टवाला_मिरज
माझं मत इथे अनेकांना आवडणार नाही. नळी सडली असेल तर खोला, लाजू नका. लग्जना (नळ्या जोडणाऱ्या लोखंडी खोबण्यांना) इलेक्ट्रिक वेल्डिंग मारून ‘वाचवलेली’ फ्रेम म्हणजे हातपाय मोडायची सोय. जोड पितळेने भरलेले असतात, दुरुस्ती करायची तर गॅसवर पितळेचीच, तीही नळीत लोखंड उरलं असेल तरच.

आणि एका मेलेल्या सायकलीवर दोन-तीन जिवंत होतात. एडब्ल्यू हब ४० आऱ्यांचा आहे, आपल्या साध्या काळ्या सायकलीच्या मागच्या रिमलाही ४० भोकं असतात, सरळ बसतो. रॅलेच्या धुऱ्याच्या वाट्या आणि हँडलच्या वाट्या तर सोन्यासारख्या जपा. त्यांचे आटे इंचाला २६, बाजारातल्या वाट्यांचे २४. मिस्त्री नवी वाटी पाना लावून दाबतो, ती दोन फेरे जाते, मग फ्रेमचेच आटे छिलतात. रॅलेला वाटी हवी तर दुसऱ्या रॅलेचीच, दुसरी कुठून आणणार?

पण तुमच्या पहिल्या गिऱ्हाइकाला एक सांगा : बिल्ला काढू नको. बिल्ला आणि सीटखालच्या लगवरचा नंबर नसलेली फ्रेम भंगारवालाही ओळखत नाही.

बत्तीस_चाळीस
वरच्याशी सहमत, फक्त अट एकच : फ्रेम खरंच गेलेली हवी. धडधाकट सायकल हबसाठी खोलणं म्हणजे कौलांसाठी वाडा पाडणं.

माझा जास्त राग दुसऱ्या गिऱ्हाइकावर आहे. पार्ट काढणारा निदान पार्ट जपतो. हब मिळेल, सीट मिळेल, वाटीसुद्धा शोधून मिळेल. १९५२ चा भट्टीत भाजलेला काळा रंग, हाताने ओढलेली सोनेरी रेघ आणि नळीवरची अक्षरं कुठल्याच गोदामात नाहीत. ब्लास्टिंगमध्ये लगच्या कडा बोथट होतात, नंबर पुसट होतो, वर पावडरचा जाड थर बसला की उरलंसुरलं बुजतं.

गावभाग_सांगली
तपासलं. माती पडली, पापुद्रे नाहीत. टोच्या कुठेच आत गेला नाही, फुगवटा नाही, दोऱ्यात दीड मिलिमीटर फरक. म्हणजे खोलायची नाही, दोन्ही गिऱ्हाइकांना नाही कळवतो. पण आता साफ करायला कॉटर पिन (क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, धुऱ्यावर पक्का धरणाऱ्या पिना) निघत नाहीत. मिस्त्री घणाने ठोकू म्हणतो.

चिमटा_सातारा
घण नको! क्रँकखाली आधार न देता ठोकलं की सगळा मार धुऱ्यातून छर्र्यांवर जातो आणि वाटीत खड्डे पडतात. आणि वाटी कुठे मिळते ते वर वाचलंच. नट शेवटच्या आट्याबरोबर सपाट होईल इतका सैल करा, पूर्ण काढू नका, नाहीतर पिनचं टोक छत्रीसारखं पसरेल. डिझेल किंवा गंज सोडवायचं तेल दोन्ही अंगांनी सोडून रात्रभर ठेवा. मग क्रँकखाली जमिनीपर्यंत टेकेल असा लोखंडी पाइपचा तुकडा उभा लावा, पिनचं डोकं पाइपच्या पोकळीत येऊ द्या आणि वरून एकच नेमका घाव घाला. कॉटर प्रेस (पिन दाबून काढायचं हत्यार) असेल तर उत्तमच. नवी पिन घेताना जुनी सोबत न्या : रॅलेची साडेनऊ मिलिमीटर, दुकानातली बहुधा नऊची. नऊची घातली तर चार दिवसांत डुलायला लागते. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घाला, नाहीतर पायडल एका रेषेत येत नाहीत. २०-३० किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा आवळा.

चेनकडची वाटी उलट आट्यांची आहे, हे मिस्त्रीला आधी सांगा. आत पाव इंची छर्रे, दर बाजूला ११. छर्रे नवे घाला, वाट्या त्याच.

एडब्ल्यू हब : आतला सगळा संच चेनच्या बाजूने एकदम बाहेर येतो. आधी डावा कोन काढा, मग उजव्या बाजूच्या बॉल रिंगच्या (छर्रे बसतात त्या आट्याच्या कड्याच्या) खाचेत पंच लावून उलटा फिरवा. त्याआधी रिंगवर आणि हबवर एक सरळ रेघ ओरखडून ठेवा. तिच्या आट्याला दोन सुरुवाती आहेत, चुकीच्या सुरुवातीने बसली तर सरळ असलेली रिम डुलायला लागते. सगळं रॉकेलमध्ये धुवा, पॉलच्या (आतल्या खटक्यांच्या) बारीक स्प्रिंगा नीट बघा, गंजल्या असतील तर तिथेच गिअर सटकतो. बसवताना उजवा कोन हाताने टेकेपर्यंत आवळून अर्धा फेरा मागे, बाकीची ढिलाई डाव्या कोनाने काढायची. पॉलना ग्रीस लावू नका, ते चिकटतात. तेलाच्या भोकातून पातळ मशीन ऑइलचे थेंब द्या.

डायनोहबचं चुंबक मात्र कॉइलपासून सुटं करू नका. काढताना त्याच क्षणी लोखंडी कडं त्याच्या जागी सरकवावं लागतं. मोकळं झालेलं चुंबक कमजोर होतं, मग दिवा मिणमिणता. कडं नसेल तर कोन-छर्रे साफ करून तसाच ठेवा.

पार्टवाला_मिरज
सुट्या क्रोमच्या भागांना एक लिटर पाण्यात २० ग्रॅम ऑक्झॅलिक अॅसिड, हातमोजे घालून, मुलं-जनावरं लांब ठेवून. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा आणि लगेच पुसून तेलाचा हात द्या, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस होतं. रंगाला आणि रेघेला फक्त रॉकेलचा बोळा, दाब न देता. थिनर, पेट्रोल आणि रबिंग कंपाउंड रेघेजवळही नको.

गावभाग_सांगली
पाइपचा तुकडा कापून आणलाय, डिझेल सोडलंय. ब्रूक्सचं चामडं कोरडं पडून भाकरीसारखं झालंय, त्याला काय लावू?

चिमटा_सातारा
पुढचा ताणाचा नट आत्ता अजिबात फिरवू नका, रिव्हेटपाशी फाटेल. चामड्याचं मेण खालून-वरून पातळ लावा, आठवडाभर सावलीत ठेवा, गरज वाटली तर आणखी एक हात. खोबरेल किंवा एरंडेल ओतू नका, ते जास्त मुरलं की सीट मधोमध झोळीसारखी बसते.