पुढच्या पिढीच्या हाती शेती देताना: अनुभव धागा

धाग्याचे निमित्त

मी कृषी खात्यात तीस वर्षे नोकरी केली. त्या काळात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी किती प्रशिक्षणे घेतली, याची गणती नाही. माती परीक्षण कसे करावे, ठिबकाचे अनुदान कसे मिळवावे, सारे शिकवले. पण घरी गेल्यावर या मुलाला निर्णय कोण घेऊ देणार, हा प्रश्न आमच्या कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेवर कधी आला नाही. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आले. एवढ्याशा रानात दोन पिढ्या एकाच वेळी राबत असतील, तर पैसा कोणाच्या हाती आणि सातबारा कोणाच्या नावे, यावर पुष्कळ काही ठरते. म्हणून विनंती अशी, की आपण मुलाबाळांना उभे करण्यासाठी किंवा स्वतः उभे राहण्यासाठी नेमके काय केले आणि काय चुकले, ते तपशिलाने लिहावे. तरुणांनी शेतीकडे वळावे, ही भाषणे आपण सर्वांनी भरपूर ऐकलेली आहेत. ती येथे नकोत.

निफाड, द्राक्षबागायतदार

माझी साडेचार एकर बाग आहे. मुलगा राहुरीहून कृषी पदवी घेऊन २०१७ मध्ये घरी आला. दोन वर्षे फवारणीचा ट्रॅक्टर तोच चालवत होता, मजुरांची हजेरी तोच मांडत होता. व्यापाऱ्याचा धनादेश मात्र माझ्या नावाने येत असे आणि त्यात काही वावगे आहे, असे मला वाटतही नव्हते. एका संध्याकाळी मी ओट्यावर बसलो असताना, आत त्याने आईकडे पेट्रोलसाठी २०० रुपये मागितलेले कानावर आले. तेव्हा तो २६ वर्षांचा होता. त्याच्या वयाचा असताना मी वडिलांकडे असेच पैसे मागत होतो, आणि त्यांनी खिशात हात घालायला लावलेला वेळ मला अजून आठवतो.

त्या हंगामापासून दीड एकराचा एक प्लॉट मी त्याच्याकडे दिला. दिला म्हणजे काय, हे आम्ही आधी वहीत लिहून काढले. खते, औषधे आणि मजुरीसाठी पहिल्या वर्षी मी उसने पैसे द्यायचे, छाटणीची तारीख त्याने ठरवायची, मालाचा सौदा त्याने करायचा, पैसे त्याच्या खात्यात जमा व्हायचे आणि उसनवारी हंगाम संपल्यावर फेडायची. लिहायला अर्धा तास लागला. पाळताना माझी परीक्षा झाली. त्याने गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, सप्टेंबरमध्येच उरकली. माल लवकर निघाला तर भाव बरा मिळतो, हा त्याचा हिशेब चुकीचा नव्हता, परंतु २०१९ चा परतीचा पाऊस नोव्हेंबरपर्यंत लांबला, हे नाशिक जिल्ह्यातील कोणालाही सांगायला नको.

त्या दिवसांत मी पहाटे, तो उठण्याआधी, बॅटरी घेऊन त्याच्या प्लॉटमध्ये जात असे आणि पाने उलटी करून पाहत असे. वरून तेलकट पिवळा डाग आणि त्याच्याच मागे पांढरी बुरशी दिसली, की डाऊनी हा रोग आला. तिसऱ्या पहाटे तसे पान हाताला लागले. त्याला सांगावे की त्याचे त्याला दिसू द्यावे, अशा विचारात मी बांधावर उभा होतो, तेवढ्यात समोरून दुसरी बॅटरी येताना दिसली. आम्ही एकमेकांना काही बोललो नाही. त्याने टाकी भरायला घेतली आणि मी पाइप धरला.

निम्म्याहून अधिक माल गेला. उसने पैसे फिटले नाहीत, ते पुढच्या वर्षावर ओढले. प्लॉट परत घ्यावा, असे घरातून सुचवले गेले, आणि मी घेतला असता तर मुलगा औषधांच्या दुकानात नोकरीला लागला असता, याची मला खात्री आहे. २०२२ मध्ये तो प्लॉट मी बक्षीसपत्राने त्याच्या नावे केला. मुलाला शेतजमीन बक्षीस देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये पडते. उपकर आणि लिहिणावळ वेगळी. हा प्लॉट मी स्वकष्टाने घेतलेला होता, म्हणून हे सरळ झाले. वडिलोपार्जित तीन एकरांत हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचाही मुलाएवढाच वाटा आहे, आणि ती बोलणी आमच्या घरात अजून व्हायची आहेत.

तुळजापूर तालुका, एक सून

निफाडच्या काकांनी शेवटच्या वाक्यात जे लिहिले, ते पहिल्या वाक्यात लिहायला हवे होते, असे मला वाटते. रागावू नये.

आमच्या घरी सात एकर कोरडवाहू आहे आणि सगळ्यात सोयाबीन घेण्याची पद्धत होती. २०१५ च्या दुष्काळात सोयाबीनही गेले आणि घरात डाळही विकत आणावी लागली. त्यानंतर आमच्या बचत गटात बायकांनी घरच्या रानापैकी एक एकर स्वतःकडे मागून त्यात खाण्याची पिके घ्यावीत, असा विचार निघाला. मी सासऱ्यांना विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ओढ्याकडची मुरमाड पट्टी घे. मी ती घेतली, कारण नाही म्हटले असते तर विषयच संपला असता. पहिल्या वर्षी मूग, तूर, थोडी मेथी आणि बांधाने शेवगा लावला. तीन वर्षे गोठ्यातले सगळे शेणखत मी त्याच पट्टीत ओढले, त्यावरून दिरांशी वाद झाले. आता त्या एकराची डाळ वर्षभर पुरते आणि सासरे पाहुण्यांना तीच पट्टी आधी दाखवतात.

पण सातबाऱ्यावर माझे नाव नाही, त्यामुळे बँकेच्या लेखी मी शेतकरी नाही. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात बायकोच्या नावे जमीन करून देणारे पुरुष याच महाराष्ट्रात होते, एवढेच स्मरण करून देते. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि ती परभणीला कृषी पदवीसाठी जायचे म्हणते. तिच्या वाट्याला कोणती पट्टी येणार, हे मी आतापासून विचारायला सुरुवात केली आहे.

राजापूरचे मूळ, वास्तव्य डोंबिवली

कोकणातली अडचण निराळी आहे, तेथे जमीन पडून असते आणि ती कोणा एकाची नसते. आमच्या सामाईक सातबाऱ्यावर ३७ नावे होती, त्यांतील ११ माणसे हयात नव्हती. टाळेबंदीत नोकरी गेलेला पुतण्या गावी राहिला आणि त्याला कातळाखालच्या दोन एकरांत वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ काजूची कलमे लावायची होती. फळबाग लागवडीच्या अनुदानासाठी सहहिस्सेदारांची संमतीपत्रे लागतात. शेतीतले मला काही कळत नाही, त्यामुळे ही संमतीपत्रे गोळा करण्याचे काम मी अंगावर घेतले, आणि त्याला तीन गणपती लागले. आधी मयतांच्या वारसनोंदी, मग सह्या. सगळे चाकरमानी गणपतीतच भेटतात, म्हणून संध्याकाळची आरती झाली, की मी प्रसादाच्या ताटाबरोबर कागद फिरवत असे. वापीची आत्या म्हणाली, सही करते, पण दरवर्षी एक फणस पोहोचला पाहिजे. एक चुलतभाऊ जमिनीला भाव येईल या आशेवर दोन वर्षे अडून बसला. त्याला बाकीच्यांनी कसे वळवले, ते येथे लिहीत नाही. कलमे २०२४ च्या पावसात लागली. फणस दोनदा पोहोचला आहे.

भोर तालुका, बिगरशेतकरी

मी पुण्यात वाढलो. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, म्हणून तोंडी बोलीवर दोन एकर खंडाने घेतली. कागद करायला मालक तयार नव्हते, कारण कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, ही धास्ती अजून कायम आहे. मी दगड वेचून, बांध घालून जमीन सारखी केली, आणि चौथ्या वर्षी ती त्यांनी परत घेतली. त्यांचेही चुकले, असे मला म्हणवत नाही.

यवतमाळ जिल्हा

माझे वडील सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचे आणि पुढच्या पाडव्यापर्यंत त्या घरचे. मी पाच एकर मक्त्याने करतो. मक्त्याचे पैसे पेरणीआधी रोख मोजावे लागतात आणि नवा माणूस तेथेच अडतो, कारण सातबारा नसल्याने पीककर्ज मिळत नाही आणि सावकार मोकळ्या हाताच्या माणसाला जवळ करत नाही. ज्यांचे रान घेतले, ते निवृत्त गुरुजी पहिल्या वर्षी म्हणाले, कापूस विकल्यावर दे. माझी शेती त्या एका वाक्यावर सुरू झाली. २०१७ ला बोंडअळीने कापूस खाल्ला, तेव्हा सरकारी मदत सातबाऱ्यावरच्या नावाला, म्हणजे गुरुजींना आली. ती त्यांनी पूर्ण माझ्या घरी आणून दिली. प्रत्येकाला असे गुरुजी भेटत नाहीत, आणि माझ्या धाकट्या भावाला भेटले नाहीत. तो पुण्याला वॉचमन आहे.

धागाकर्त्याची टीप

दोघांनी पीएम-किसानबद्दल विचारले आहे. या योजनेत १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख धरलेली आहे, आणि त्यानंतर जमीन नावावर झालेल्याला ती वारसाहक्काने आली असेल तरच हप्ता मिळतो. म्हणजे बापाने जिवंतपणी हौसेने दिली तर मुलाला हप्ता नाही, बाप गेल्यावर आली तर आहे. नियम करणाऱ्यांच्या मनात तसे नसेल, पण आमच्या खात्यातही पुष्कळ गोष्टी अशाच घडत गेल्या.

निफाड, पुन्हा

तुळजापूरच्या ताईंचे म्हणणे मान्य आहे. मुलीला दिवाळीत बोलावले आहे, कागद तिच्यासमोर काढणार आहोत. आणखी एक लिहायचे राहिले होते. यंदाचा हंगाम संपल्यावर मुलाने त्याच्या प्लॉटचा हिशेब दाखवला. विरळणीच्या मजुरीच्या पानावर, बायकांच्या नावांखाली, शेवटच्या ओळीत माझे नाव होते, अकरा दिवस, आणि पुढे रक्कम. मी हसलो, तर तो म्हणाला, नाना, खर्च धरायलाच पाहिजे ना. पैसे मी घेतले.