अंगणातलं जांभूळ: ठेवायचं की काढायचं?

सांगलीकर
बाहत्तरच्या दुष्काळानंतर वडिलांनी घर बांधलं, तेव्हा लावलेलं जांभूळ आता गच्चीच्याही वर गेलंय. जूनमध्ये महिनाभर अंगणात नुसता लगदा. शहाबादी फरशीवरचे डाग घासून जात नाहीत, माश्या घोंगावतात, रात्री वटवाघळं अर्धी खाल्लेली फळं टाकतात. गेल्या वर्षी या लगद्यावरून पाय घसरून आईचं मनगट मोडलं. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. झाड काढून सोनचाफा लावावा असं माझं स्पष्ट मत आहे.

बागेतली
काढू नका. जांभूळ बारमाही हिरवं. वैशाखात भिंती तापतात तेव्हा ही सावली काय करते, ते झाड गेल्यावर कळेल. सोनचाफ्याला तेवढा पसारा धरायला किती वर्षं लागतील? फळं पडतात चार-पाच आठवडे. तेवढे दिवस शेडनेट किंवा जुन्या साड्या जोडून झाडाखाली कमरेइतक्या उंचीवर झोळीसारख्या बांधा आणि रोज सकाळी पाटीत रिकाम्या करा. आमच्याकडे आठ वर्षं हेच चालतं. सडकं फळ जमिनीवर राहिलं नाही की माश्याही कमी होतात. खोडाभोवतालची फरशी उखडून माती मोकळी करा, म्हणजे डागांचा प्रश्नच उरत नाही.

सातारारोड
मी सांगलीकरांच्या बाजूचा. जांभळाची फांदी ठिसूळ. आम्ही माणूस लावून शेंडा मारून घेतला. दोन वर्षांत त्या जागी खराट्यासारखे फुटवे आले आणि त्यातलाच एक वळवाच्या वाऱ्यात मोडून शेजारच्या पत्र्यावर पडला. खाली कुणी असतं तर?

बागेतली
सातारारोड, ते शेंडा मारल्यामुळेच झालं. छाटलेल्या बुंध्यावर आलेले फुटवे फक्त सालीलगत धरलेले असतात, म्हणून वाऱ्यात निखळतात. शेंडा कधीच मारायचा नाही. वाळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या आणि घरावर झुकलेल्या फांद्या मुळापाशी, म्हणजे जिथे फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगीर कड्याच्या बाहेरून काढायच्या. जड फांदीला आधी खालून अर्धवट चिरा द्यायचा, मग थोडं पुढे वरून कापायचं, शेवटी राहिलेला खुंट. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलत नेते. एका वर्षी पाव पसाऱ्याहून जास्त काढू नका.

आणि सांगलीकर, झाड आपल्या अंगणातलं असलं तरी शहरात 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार तोडायला परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरचं झाड हेरिटेज ट्री धरतात, शिवाय तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावायची अट आहे. छाटणीही नगरपालिकेला विचारूनच करा.

सांगलीकर
झोळी आणि छाटणी पटली. पण रोज पहाटे उठून झोळी रिकामी कोण करणार? मी नोकरीला, मुलं पुण्यात. एक दिवस राहिलं की पाटीभर फळं कुजतात, आणि आई स्वतः उचलायला जाते. तुमच्या घरी चार हात असतील, इथे नाहीत.

बागेतली
मग जांभळं वाटून टाका. आमच्या गल्लीत फुकट जांभळं म्हटलं की सकाळी सहाला पोरं पिशव्या घेऊन फाटकात उभी असतात. उचलायचं काम तीच करतात.

सांगलीकर
हा एक पावसाळा करून बघतो. आईच्या वाटेवरच्या दोन फांद्या मात्र मेमध्येच काढणार, परवानगीचा अर्ज उद्या देतो.